आमच्या घरची रीत

(नसरापूर येथें शेतकरी बंधुभगिनींच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय साधा आहे. आपापल्या घरांत ज्या गोष्टी आपण रोज करतों, ज्या परक्याला विचित्र वाटतात आणि आपल्याला मात्र सूर्य उगवण्याइतक्या सरळ वाटतात, त्यांची आज थोडी झडती घ्यावयाची आहे.

सुरुवात आपल्या गांवापासूनच करूं. बनेश्वराच्या देवळांतली घंटा आपण सर्वांनीं पाहिली आहे. ती घंटा फिरंग्यांची आहे. तिच्यावर १६८३ हा सन आणि क्रूस आहे. चिमाजी अप्पानें १७३९ सालीं वसई जिंकली, तेव्हां तिकडच्या ख्रिस्ती देवळांतल्या घंटा मराठ्यांनीं घाटावर आणल्या, त्यांतलीच ही एक. महादेवाच्या दारीं ख्रिस्ती देवळाची घंटा! परगांवच्या पाहुण्याला सांगितलें तर तो तोंडांत बोट घालतो. नसरापूरकराला त्याचें कांहींच वाटत नाहीं. लहानपणापासून पाहिली, संपलें. सवय म्हणतात ती ही. डोळ्यांसमोर असलेली वस्तु डोळ्यांना दिसेनाशी करणें, हाच सवयीचा धर्म.

घरच्या रीतीची खरी पारख असते ती नव्या सुनेला. ती दुसऱ्या घरांतून आलेली असते. पहिल्या आठ दिवसांत तिच्या ध्यानांत येतें कीं, या घरांत संध्याकाळनंतर शेजारणीला मीठ देत नाहींत, शनिवारीं तेल विकत आणीत नाहींत, ताटांत एकदम तीन भाकरी वाढीत नाहींत, बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठें चाललास’ म्हणून विचारीत नाहींत. तिच्या माहेरीं यांतलें एक पाळीत असतील, तर दुसरें पाळीत नसतील. ती बिचारी विचारते, ‘असें कां हो आत्याबाई?’ आत्याबाई म्हणतात, ‘आमच्या घरची रीतच आहे.’ झालें! वाद मिटला. दहा वर्षांनीं धाकटी जाऊ घरांत येते आणि तोच प्रश्न विचारते, तेव्हां ही थोरली तिला तेंच उत्तर देते. विचारणारी होती, ती राखणदार झाली.

आतां सगळ्याच रीती वाईट, असें मी म्हणत नाहीं. निघतांना ‘जातों’ म्हणूं नये, ‘येतों’ म्हणावें. बांगडी फुटली म्हणूं नये, वाढवली म्हणावें. रात्रीं सापाचें नांव घेऊं नये, जनावर म्हणावें. यांत कोणाचें काय बिघडतें? उलट आपल्या भाषेला मायेचा पदर आहे, हें त्यावरून दिसतें. कांहीं रीतींना एके काळीं कारणहि होतें. दिवेलागणीनंतर केर काढूं नये, हें चिमणीच्या मिणमिणत्या उजेडांत शहाणपणाचेंच होतें. नथीचा मोती केरांत गेला तर उकिरड्यावर तो कोण शोधणार? आज घरांत विजेचा लख्ख दिवा आहे. कारण गेलें, रीत राहिली. राहो बापडी! तिनें कोणाच्या पोटावर पाय येत नाहीं.

मग झडती घ्यावयाची कशाची? त्यासाठीं मी तीन प्रश्न सांगतों, ते पदराला गांठ मारून घरीं न्या. पहिला प्रश्न : या रीतीचा त्रास कोणाला होतो? दुसरा : तिचा फायदा कोणाला होतो? तिसरा : त्रास सोसणाऱ्यानें ती मोडली, तर त्याला काय शिक्षा होते? त्रास सर्वांना सारखा आणि शिक्षा कोणालाच नाहीं, तर ती रीत म्हणजे घरची गंमत समजावी. पण त्रास एकाला, फायदा दुसऱ्याला आणि मोडणाऱ्याच्या पाठीवर वळ, असें दिसलें तर ती रीत नव्हे. तो जुलूम आहे, आणि त्यानें रीतीचें पागोटें घातलें आहे इतकेंच.

या कसोटीवर चार-दोन रीती घासून पाहूं.

शेवटचें ताट

आपला हा मुलूख भाताचा. आंबेमोहोर आणि इंद्रायणी तांदळाला भोर-वेल्ह्याकडचा म्हणून पुण्याच्या पेठांत मान आहे. तो तांदूळ पिकतो कसा? भर पावसांत, गुडघाभर चिखलांत, दिवसभर कंबरेंत वांकून लावणी कोण करतें? आमच्या आयाबहिणी. घरीं येऊन चूल कोण पेटवतें? त्याच. आणि जेवायला शेवटीं कोण बसतें? त्याच! आधीं पुरुषमाणसें, मग मुलें, मग सासू, मग सून. कालवण उरलें तर उरलें. नाहीं तर पातेल्याच्या बुडाशीं करपलेला भात आणि मिठाची चिमूट. कांहीं घरांत तर नवऱ्याच्या उष्ट्या ताटांतच जेवावें, अशी रीत आहे, आणि ती पाळणारी सून सुलक्षणी ठरते.

सरकारनें २०१९ ते २०२१ या काळांत कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तींत महाराष्ट्रांतल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकीं सुमारें ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. पुरुषांत हें प्रमाण त्याच्या निम्म्याहूनहि कमी आहे. याला कारणें पुष्कळ आहेत. पाळीचा रक्तस्राव आहे, बाळंतपणें आहेत, गरिबीहि आहे. पण गरिबी तर नवराबायकोची एकच असते ना? एकाच मडक्यांतला भात एकाच्या अंगीं लागतो आणि दुसरीच्या लागत नाहीं, याचा अर्थ मडक्यांत नाहीं, वाढण्याच्या पद्धतींत आहे.

कोणी म्हणेल, ‘आमच्या बायका आपण होऊन मागें राहतात, आम्ही कुठें त्यांना अडवतों?’ ठीक आहे. आज रात्रीं आपण मागें राहून पाहा. सर्वांना वाढा, मग जें उरेल तें खा. एक दिवस नव्हे, एक महिना. महिन्यानंतर ही रीत गोड लागली, तर मला येऊन सांगा.

नांव घेण्याची गोष्ट

बायकोनें नवऱ्याचें नांव घेऊं नये, ही दुसरी रीत. लग्नांत उखाणा घेऊन एकदां नांव घेतलें कीं पुढें जन्मभर ‘अहो’, ‘ह्यांनीं’, ‘आमच्या घरचे’. ऐकायला गोड आहे. पण दवाखान्याच्या खिडकीशीं किंवा रेशनच्या रांगेंत कारकून विचारतो, ‘नवऱ्याचें नांव?’ आणि बाई शेजारच्या पोराला पुढें करते, ‘सांग रे बाबा ह्यांचें नांव.’ नवरा मात्र गांवभर तिच्या नांवानें हांका मारतो. नांव घेतल्यानें आयुष्य कमी होत असेल, तर तिच्या आयुष्याची काळजी कोणालाच नाहीं काय?

त्याहून मोठी गोष्ट मुलांच्या नांवांची आहे. पूर्वीं देवीच्या सांथींत पाठोपाठ मुलें दगावत. मग आईबाप पुढच्या मुलाचें नांव ठेवीत दगडू, धोंडू, केरू, भिकू. मृत्यूला वाटावें कीं ही टाकाऊ वस्तु आहे, हिला कशाला न्यावें! नांव ओबडधोबड, पण त्याच्या मागें जीव तुटणारी माया होती. आतां दुसरें नांव ऐका : नकुशी. नकोशी झालेली ती नकुशी. तिसरी-चौथी मुलगी झाली म्हणजे हें नांव ठेवावें, मग पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. दगडू हें नांव मृत्यूला फसविण्यासाठीं होतें. नकुशी हें नांव त्या पोरीला रोज सांगण्यासाठीं होतें कीं, बाई, तूं चुकून आलीस.

ही दूर देशची गोष्ट नाहीं. येथून सारोळ्यापर्यंत जा, नीरा ओलांडा, पलीकडे सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यांत २०११ सालीं अशा मुलींचा शोध घेण्यांत आला. २८५ मुली सांपडल्या! त्याच वर्षीं २२ ऑक्टोबर रोजीं साताऱ्यास समारंभ करून त्यांना नवीं नांवें देण्यांत आलीं. मुलींनीं आपलीं नांवें आपणच निवडलीं. विचार करा. शाळेंत रोज हजेरी घेतांना मास्तर ‘नकुशी’ म्हणून पुकारीत होते आणि पोर ‘हजर’ म्हणत होती. घरीं आई त्याच नांवानें जेवायला हांक मारीत होती. कोणाच्याहि कानाला तें खटकलें नाहीं. आईबाप राक्षस होते काय? नाहीं. तुमच्याआमच्यासारखेच कष्टकरी होते. पण रीतीनें कान बधिर केले होते.

आणि नीरेच्या अलीकडचे आपण फार मोठे, असें कोणी समजूं नये. त्याच २०११ च्या शिरगणतींत साऱ्या महाराष्ट्रांत सहा वर्षांच्या आंतल्या दर हजार मुलांमागें मुली होत्या ८९४. गर्भाची लिंगचांचणी बंद करणारा कायदा देशांत सर्वांत आधीं १९८८ सालीं महाराष्ट्रानें केला, तरी ही दशा! नकुशीला निदान जन्म तरी मिळाला. ज्यांना तोहि मिळाला नाहीं, त्यांचें नांव बदलायला कोण जाणार?

मोठेपणाची नक्कल

कांहीं मंडळी म्हणतील, हें सारें भिक्षुकशाहीनें आमच्या गळ्यांत बांधलें. अर्धें खरें आहे. जोतीराव फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज काढला, तो याच दास्यांतून सुटण्यासाठीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भटजीवांचून लग्न लागलें, तेव्हां पुण्यांत केवढी खळबळ झाली! आकाश कोसळेल असें लोकांना वाटलें होतें. आकाश जागेवर राहिलें आणि नवराबायको सुखानें नांदलीं.

पण उरलेलें अर्धें खरें कडू आहे. आमच्या कुणबी-माळी-धनगरांत विधवेनें पाट लावणें ही पूर्वींपासूनची रीत. तरुण पोर रांडावली, तर तिचा दुसरा संसार थाटून देत. मग घरांत चार पैसे आले, पागोट्याला जर आली, आणि ‘आम्ही खानदानी, आमच्यांत पाट लागत नाहीं’ असें सांगण्यांत भूषण वाटूं लागलें. भटाब्राह्मणांच्या विधवांचें केशवपन थांबावें म्हणून नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानें १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं वस्तरा खालीं ठेवला. त्या विधवांच्या सुटकेसाठीं आमचे हात पुढें झाले आणि इकडे आमच्याच घरांत आम्हीं नवीं बंधनें विकत घेतलीं! कोणीं बळजबरी केली होती? कोणींहि नाहीं. मोठेपणाची नक्कल केली, ती वरच्याच्या विद्येची नाहीं केली, त्याच्या सोवळ्याची केली.

आजहि पाहा. पोटच्या पोराचें लग्न आणि विधवा आई आंतल्या खोलींत! जिनें नऊ महिने वागवला, मोलमजुरी करून शिकवला, तिची हळद त्याला बाधते आणि गांवच्या कोणाहि सवाशिणीची चालते. कोल्हापूर जिल्ह्यांतल्या हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव केला कीं, आमच्या गांवांत नवरा वारल्यावर बाईचें कुंकूं पुसावयाचें नाहीं, बांगड्या फोडावयाच्या नाहींत, मंगळसूत्र तोडावयाचें नाहीं. त्याच महिन्यांत सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलें. हेरवाडला कोणी अवतारी पुरुष आला नव्हता. गांवकऱ्यांनीं हात वर केले, इतकेंच. हात नसरापूरकरांनाहि दोनच आहेत.

वेगळा पेला

आतां एका नाजुक गोष्टीकडे वळतों. गोठ्याच्या खुंटीला किंवा ओसरीच्या कोनाड्यांत एक वेगळा पेला ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. तो कोणासाठीं, हें सांगण्याची गरज नाहीं. चहा वरून ओतावयाचा, पिणाऱ्यानें पेला आपला आपण विसळून पुन्हां पालथा घालावयाचा. जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शाहू छत्रपति गंगाराम कांबळ्याच्या हॉटेलांत जाऊन चहा प्याले. १९२७ सालीं बाबासाहेबांनीं महाडच्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. १९५० सालीं घटनेनें अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ सालीं ती पाळणें गुन्हा ठरला.

तो पेला आतां खुंटीवर दिसत नाहीं, ही आनंदाची गोष्ट. पण कांहीं घरांत त्याच्या जागीं कागदी पेला आला आहे. इतर पाहुण्यांना कपबशी आणि एकालाच कागदी पेला, ‘हा जरा स्वच्छ असतो’ असें म्हणून! पिणाऱ्याला कळत नाहीं असें समजूं नका. त्याला तुमच्या आज्यापासूनचें कळतें आहे. अहो, फिरंग्याची घंटा महादेवाला चालली. तिला कोणीं जात विचारली नाहीं, गोमूत्र शिंपडून वेगळ्या खुंटीला टांगली नाहीं. मग शेजारच्या माणसाचे ओंठ तुमच्या कपाला कां चालूं नयेत? सत्यशोधकाच्या नांवानें मिरवणूक काढावी आणि घरांत दोन तऱ्हेचे पेले ठेवावे, तर भटजीच्या सोवळ्याला हंसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाहीं.

माहेरची साडी

शेवटची रीत सर्वांत महागाची आहे आणि ती सर्वांत सोज्वळ दिसते. बाप वारला, तेरावा झाला, वारसनोंदीसाठीं अर्ज गेला. कायद्याप्रमाणें सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचींहि नांवें लागतात. मग बहिणींना निरोप जातो, ‘अमक्या दिवशीं तालुक्याला यायचें आहे, सही करायची आहे.’ त्या दिवशीं गोडाचें जेवण होतें, साडीचोळी होते, गाडीनें नेतात, गाडीनें आणतात. कचेरींत एका कागदावर अंगठा उमटतो. त्याला म्हणतात हक्कसोडपत्र. बहीण विचारीत नाहीं, भाऊ सांगत नाहीं, लिहिणारा वाचून दाखवीत नाहीं. एका साडींत बापाच्या जमिनीवरचा हक्क गुंडाळला जातो आणि घरचीं माणसें म्हणतात, ‘आमच्यांत रीतच आहे.’

कायदा काय आहे, तो नीट ऐका. महाराष्ट्रानें १९९४ सालीं वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला जन्मानें हक्क दिला. पण ज्यांचीं लग्नें आधींच झालीं होतीं, त्या वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशांत हिंदु वारसा कायदा दुरुस्त झाला आणि लग्न झालेली व न झालेली हा भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सुप्रीम कोर्टानें निकाल दिला कीं, २००५ सालीं बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क मुलासारखा जन्मानेंच आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधीं रीतसर वांटप झालें असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे भाऊ बहिणीला जमीन ‘देत’ नाहीं. ती तिचीच आहे. ती सही करते, तेव्हां देणारी ती असते आणि घेणारा भाऊ!

यावर तीन उत्तरें नेहमीं येतात. पहिलें : ‘तिच्या लग्नांत खर्च केला, हुंडा दिला.’ हुंडा देणें-घेणें १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती दाखवून हक्क कसा फिटेल? शिवाय तो पैसा गेला व्याह्याच्या घरांत, तिच्या नांवावर काय झालें? दुसरें उत्तर : ‘जमिनीचे तुकडे होतील.’ चार भावांत चार तुकडे होतात, तेव्हां ही काळजी कोठें जाते? तिसरें : ‘सही केली नाहीं तर माहेर तुटेल.’ बंधूंनो, हें उत्तर नव्हे, ही धमकी आहे. आपला तिसरा प्रश्न आठवा : मोडणाऱ्याला शिक्षा काय? शिक्षा अशी कीं, भाऊबीजेला दार बंद. जें प्रेम सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अवलंबून आहे, त्याला प्रेम म्हणावें काय?

पूर्वीं डोंगरउतारावरच्या दोन बिघ्यांसाठीं कोणी भांडत नव्हतें. आज पुणें-सातारा रस्त्याच्या कडेची जमीन गुंठ्यांनीं विकली जाते. गोदामें, ढाबे, बंगले उभे राहत आहेत. अशा वेळीं साडीच्या घडींत काय जातें, याचा हिशेब करा. तीच बहीण उद्यां विधवा झाली, नवऱ्यानें टाकली, तर तिला उभें राहायला वीतभर जागा कोठें आहे? सासरीं ती परक्याची आणि माहेरीं ती दिलेली!

बहिणींनीं जमीन घेतलीच पाहिजे, असें माझें म्हणणें नाहीं. भाऊ गरीब आहे, आईला तोच सांभाळतो, म्हणून एखादी बहीण समजून-उमजून सोडील, तर तिचें मोठें मन आहे. पण आधीं नांव लागूं द्या. कागद घरीं आणा, वाचा, लेकीकडून वाचवून घ्या, त्याची नक्कल जवळ ठेवा. बोलावल्या दिवशींच सही करूं नका. नोंदणी झालेलें हक्कसोडपत्र सहजासहजीं फिरत नाहीं. पश्चात्तापाचा अंगठा कोणी मागत नाहीं. आणि भावांनो, भाऊबीजेची ओवाळणी खरी घालावयाची असेल, तर बहिणीला एकच वाक्य सांगा : ‘तुझें नांव राहूं दे, तुझ्या मनाला वाटेल तें कर.’

घरांतलें संस्थान

या मुलखावर पंतसचिवांचें राज्य होतें. १९४८ सालीं भोर संस्थान विलीन झालें, राजा गेला, रयत मोकळी झाली. पण घरोघर एक लहान संस्थान अजून चालू आहे. त्याचा कायदा म्हणजे ‘आमच्या घरची रीत’. त्याचा राजा आधीं जेवतो, त्याची रयत मागून जेवते; त्याचें दप्तर नाहीं, निवाडा नाहीं, अपील नाहीं. तें विलीन करायला दिल्लीहून कोणी येणार नाहीं. तें काम तुमचें आहे.

म्हणून जातांना तीन गोष्टी मागतों. आज रात्रीं घरांत सर्वांचीं ताटें एकदम मांडा. उद्यां घरांतले पेले एकाच तऱ्हेचे ठेवा. आणि यापुढें या गांवांतल्या कोणत्याहि बहिणीचा अंगठा, कागद वाचून दाखविल्याशिवाय उठूं देऊं नका. बाकीच्या रीती, तीन भाकरींची, शनिवारच्या तेलाची, त्यांना धक्का लावण्याची मला घाई नाहीं. त्या उद्यांची सून विचारील, तेव्हां तिला ‘रीतच आहे’ न म्हणतां ‘मलाहि ठाऊक नाहीं बाई, तुला योग्य वाटेल तें कर’ एवढें म्हणालांत, तरी पुष्कळ झालें.